एकाच घरात दोन ताप, पण अँटिबायोटिक एकालाच?

मोल्डिंगवाला · सोमवार, रात्री ९:५०

एरवी मी इथं नुसता वाचायला येतो, पण आज घरात असं रामायण झालंय की विचारल्याशिवाय झोप यायची नाही.

आमच्याकडं पुतण्या राहतो, वय १७. तालमीसाठी गावाकडनं आलाय. गेल्या आठवड्यात त्याच्या गुडघ्याच्या वर गळू आलं. सुपारीएवढं होतं तोवर पठ्ठ्यानं कुणाला सांगितलं नाही, जोर-बैठका आणि लढती चालूच. शनिवारी लिंबाएवढं झालं, लालभडक, हात लावू देईना, आणि अंगात ताप १०१. त्याच दिवशी आमच्या धाकटीला (चौथीत आहे) ताप १०२, नाक गळतंय, डोळे लाल, अंग दुखतंय म्हणून रडारड.

दोघांनाही एकाच डॉक्टरांकडं नेलं. पुतण्याचं गळू त्यांनी तिथंच चिरलं, पू काढला, त्यातला थोडा कापसाच्या काडीवर घेऊन लॅबला पाठवला आणि अँटिबायोटिक लिहून दिलं. पोरीचा घसा, कान, छाती सगळं तपासलं आणि म्हणाले, व्हायरल आहे. पॅरासिटामॉल द्या, पाणी-पेज द्या, तीन दिवसांत उतरला नाही तर रक्त बघू.

आई घरी आल्यापासून धुमसतीय. "पैलवानाला भारी गोळ्या आणि माझ्या पोरीला नुसती तापाची? पैसं तर दोघांचं घेतलं की!" शेजारच्या वहिनींनी सांगितलं, कोपऱ्यावरचा मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देतो. आईच्या तोंडाला कंटाळून मी अँटिबायोटिक गोळ्यांची पट्टी आणली. समोर टेबलावर पडलीय. द्यावी का न द्यावी?

आणि खरं सांगू का, मलाच उमगत नाही. जंतू ते जंतू. एकाला औषध चालतं, दुसऱ्याला चालत नाही, ही काय भानगड?

तांबडा_रस्सा · सोमवार, रात्री १०:०२

पट्टी राहू दे भावा. पोरीला वाटीभर पांढरा रस्सा पाज. नाक मोकळं, डोकं मोकळं, विषय कट.

स्लाईडवाली · सोमवार, रात्री १०:३५

पट्टी ड्रॉवरमध्ये टाका आधी. आणि त्या डॉक्टरांना नावं ठेवू नका, दोन्ही बाबतीत त्यांचं बरोबर आहे.

मी डॉक्टर नाही. पॅथॉलॉजी लॅबमध्ये २२ वर्षं डोळे फोडतेय. त्यामुळं औषध सांगणार नाही, आम्हाला भिंगाखाली काय दिसतं आणि काय दिसत नाही, एवढंच सांगते.

तुमच्या रक्तातली एक लालपेशी जेवणाच्या ताटाएवढी आहे असं धरा. मग गळवातला जिवाणू म्हणजे बॅक्टेरिया, त्या ताटातल्या लिंबाएवढा. आणि पोरीला झालाय तो विषाणू, व्हायरस, मिरीच्या दाण्याएवढा. लिंबू आमच्या साध्या सूक्ष्मदर्शकात दिसतं. मिरी दिसत नाही, त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

पण आकार हा मुद्दाच नाही. जिवाणू हा पुरा जीव आहे. त्याला स्वतःची भिंत आहे, स्वतःची प्रथिनं स्वतः बनवतो, खातो, वाढतो, एकाचे दोन होतो. अँटिबायोटिक त्याच्या याच गोष्टींवर घाव घालतं. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं त्याची भिंत बांधू देत नाहीत. भिंत कच्ची राहिली की बाहेरचं पाणी आत शिरतं आणि जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना तसली भिंतच नसते, म्हणून आपण सहीसलामत.

विषाणूला भिंत नाही, प्रथिनं बनवायचं यंत्र नाही, काहीच नाही. प्रथिनाच्या वेष्टनात गुंडाळलेली जनुकांची चिठ्ठी, झालं. तो आपल्या पेशीत शिरतो आणि आपल्याच पेशीकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो. मग ती पट्टी मारणार कुणाला?

मोल्डिंगवाला · सोमवार, रात्री १०:५१

ताई, हे डोक्यात बसलं. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगतो, चुकलं तर सांगा. बॅक्टेरिया म्हणजे स्वतःची फौंड्री (धातू ओतायचा कारखाना) टाकलेला माणूस. वाळू त्याची, भट्टी त्याची, कास्टिंग त्याचं. त्याची भट्टी बंद पाडली की धंदा बसला. व्हायरस हा नुसता पॅटर्न (ज्यावरनं साचा काढतात तो नमुना) काखेत मारून येतो. साचा आपल्या वाळूत, धातू आपला, वीजबिल आपलं, आणि निघालेला माल त्याचा.

स्लाईडवाली · सोमवार, रात्री १०:५८

हे मी उद्यापासून आमच्या शिकाऊ मुलांना सांगणार. तुमचं नाव घेऊन.

मुठा_काठी · सोमवार, रात्री ११:१०

कोल्हापुरात रस्सा आणि फौंड्री सोडून उपमा मिळत नाहीत वाटतं? :) एक दुरुस्ती. विषाणूवर औषधच नाही असं कुणी समजू नये. नागिणीवर, स्वाइन फ्लूवर, एचआयव्हीवर औषधं आहेत. पण ती त्या त्या विषाणूपुरती. एका अँटिबायोटिकनं जसे अनेक जातींचे जिवाणू मरतात, तसं तिथं होत नाही.

तांबडा_रस्सा · सोमवार, रात्री ११:१४

पुण्यात एवढ्या रात्री जागं असतं होय कुणी?

तालमीतला · मंगळवार, सकाळी ६:२०

मोल्डिंगवाले काका, पुतण्याला म्हणावं जखम पूर्ण भरल्याशिवाय हौद्यात (कुस्तीच्या मातीत) उतरायचं नाही. आमच्यात एकाला गळू झालं की पंधरा दिवसांत चौघांना होतं. टॉवेल एक, साबण एक, लंगोट वाळत घालायची दोरी एक.

वस्ताद म्हणतात, तांबड्या मातीत हळद, लिंबू, ताक, तेल, कापूर घातलेला असतो, ती माती औषधी. मातीवर माझी पण श्रद्धा आहे, पण उघड्या जखमेवर तीच माती घासायची का? जाणकारांनी सांगावं.

स्लाईडवाली · मंगळवार, सकाळी ७:०५

नाही घासायची. मातीत काय मिसळलंय हा पुढचा प्रश्न. धनुर्वाताचे जिवाणू मातीत आणि शेणात कवच पांघरून वर्षानुवर्षं पडून राहतात. खोल जखमेत हवा पोचत नाही, तिथं ते जागे होतात. हळद-लिंबानं ते कवच फुटत नाही. धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते पुतण्याला विचारा. त्याला आठवत नसेल तर डॉक्टरांना विचारा.

आणि टॉवेलचं तुम्ही बोललात ते शंभर टक्के खरं. गळू करणारा नेहमीचा भिडू म्हणजे स्टॅफिलोकोकस ऑरियस. दहा माणसं उभी केली तर त्यातल्या दोघा-तिघांच्या नाकात तो मुक्कामाला असतो आणि त्यांना पत्ताही नसतो. कातडी शाबूत आहे तोवर काही बिघडत नाही. खरचटलं, सोलवटलं, एकमेकांच्या अंगावर अंग घासलं की वाट सापडते.

शाळामास्तर · मंगळवार, सकाळी ९:३०

एक बाळबोध प्रश्न. पू म्हणजे नेमकं काय? आम्ही लहानपणी म्हणायचो, अंगातली घाण बाहेर पडतेय.

स्लाईडवाली · मंगळवार, दुपारी २:१५

डबा खाऊन लिहितेय, तुम्हीही जेवून मग वाचा.

पू म्हणजे घाण नव्हे मास्तर. रणात पडलेले आपलेच गडी.

काल एक नमुना आला होता (या काकांच्या पुतण्याचा नव्हे, असले रोजच येतात). पूचा ठिपका काचेवर पसरला, दिव्याच्या ज्योतीवरनं दोन-तीनदा फिरवून सुकवला. त्यावर जांभळा रंग, मिनिटभर. मग आयोडीन. मग अल्कोहोलनं धुवायचं, आणि इथं हात सराईत लागतो, जास्त धुतलं की सगळंच उतरतं. शेवटी गुलाबी रंग. ज्या जिवाणूंची भिंत जाड, त्यांचा जांभळा रंग अल्कोहोलनं सुटत नाही. बाकी सगळं गुलाबी होतं. हान्स ख्रिश्चन ग्राम नावाच्या डॅनिश डॉक्टरनं १८८४ साली ही पद्धत छापली आणि आजही जगातली प्रत्येक लॅब सकाळी हेच करते.

मग तेलाचा थेंब टाकून शंभराच्या लेन्सखाली बघायचं. गुलाबी रंगात पांढऱ्या पेशींचा नुसता सडा. त्यांचं केंद्रक अखंड गोल नसतं, तीन-चार तुकडे दोऱ्यात ओवल्यासारखं असतं. त्यावरनंच ओळखायचं, न्यूट्रोफिल. बऱ्याच फुटलेल्या, विरघळलेल्या. आणि मधेमधे जांभळ्या ठिपक्यांचे घोस, अगदी द्राक्षांसारखे. स्टॅफिलोकोकस या नावातला 'स्टॅफिली' म्हणजे ग्रीकमध्ये द्राक्षाचा घोसच. एका न्यूट्रोफिलच्या पोटात मी पाच ठिपके मोजले. गिळलेले.

गिळल्यावर ती पेशी जिवाणूला एका पिशवीत कोंडते आणि त्यावर जालीम रसायनं सोडते. त्यातलं एक हायपोक्लोरस आम्ल. ओळखीचं वाटत नाही? पूर आला की पालिकेची माणसं टाकीत ब्लीचिंग पावडर टाकायला सांगतात ना, पाण्यात तिच्यापासनं तयार होतं तेच हे. ते बनवणारं जे प्रथिन आहे त्याचा रंग हिरवा असतो, म्हणून पू पिवळट हिरवा दिसतो.

हे गडी फार जगत नाहीत, रक्तात एखादा दिवस. म्हणून हाडांतला मगज रोज सुमारे १०० अब्ज नवे सोडत राहतो. काही तर मरताना आतला डीएनए बाहेर फेकून त्याचं जाळं करतात आणि जिवाणूंना त्यात अडकवतात. हे २००४ साली कळलं, मी लॅबला लागले तेव्हा पुस्तकात नव्हतं.

आणि डॉक्टरांनी गळू चिरलं का, तेही यातच आलं. स्टॅफ स्वतःभोवती रक्त गोठवून तटबंदी करतो. आत पू साचतो, तिथं रक्त पोचत नाही, म्हणजे औषधही नीट पोचत नाही. नुसत्या गोळ्या खाऊन पिकलेलं गळू बसत नाही ते यामुळं.

तांबडा_रस्सा · मंगळवार, दुपारी २:२८

मी जेवणाआधी वाचलं. चूक झाली.

शाळामास्तर · मंगळवार, दुपारी ४:००

ताई, उत्तम. यावरून १८८२ सालची गोष्ट आठवली. रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह सिसिलीतल्या मेसिना गावी राहत होते. घरची मंडळी सर्कस बघायला गेलेली, हे एकटेच घरी. तारामाशाची पिल्लं काचेसारखी पारदर्शक असतात, त्यातल्या पेशी हलताना ते बघत बसले होते. मनात आलं, अंगात काही घुसलं तर या पेशी तिकडं धावत असतील का? बागेतले काटे आणून त्या पिल्लांना टोचले आणि रात्रभर तळमळत राहिले. सकाळी बघतात तो काट्याभोवती पेशींचा गराडा! यातूनच जंतू गिळणाऱ्या पेशींची कल्पना उभी राहिली. पुढं १९०८ सालचं नोबेल पॉल एर्लिक यांच्यासोबत विभागून मिळालं.

अंगात काटा मोडला की भोवती पिकतं, हे आपल्या आज्यांना माहीत होतंच. फरक एवढाच, की तो मनुष्य रात्रभर जागला.

मोल्डिंगवाला · मंगळवार, रात्री ८:४०

पोरीचा ताप संध्याकाळी १०३. तापाआधी थंडी वाजून दात कडकड. आईनं दोन गोधड्या घातल्या, मी काढल्या, आईनं परत घातल्या. अंग तव्यासारखं तापलंय तरी थंडी वाजते, हे कसं? पट्टीकडं बघवत नाही ताई.

मुठा_काठी · मंगळवार, रात्री ८:५५

घाबरू नका, पण लक्ष ठेवा. पांढऱ्या पेशींना शत्रू दिसला की त्या काही रसायनं रक्तात सोडतात. ती मेंदूच्या हायपोथॅलॅमसला सांगतात, काटा वर कर. मेंदूनं ३७ चा आकडा (सेल्सिअसमध्ये) ३९ वर नेला की ३७ अंशाचं अंग त्याला गार वाटतं. मग तो स्नायू थरथरवून उष्णता तयार करतो, हीच हुडहुडी. ३९ गाठलं की थंडी थांबते. पॅरासिटामॉल तोच काटा खाली आणतं, मग घाम फुटून अंग निवतं. विषाणू त्यानं मरत नाही, पोरीला बरं वाटतं आणि पाणी पोटात जातं.

थंडी वाजेपर्यंत एक पांघरूण ठीक. थांबली की काढा. दोन गोधड्या नकोत, आजींची माफी मागून.

स्लाईडवाली · मंगळवार, रात्री ९:१०

आणि अंग ठणकतं ते बहुतांशी विषाणूमुळं नाही, आपल्याच संरक्षणामुळं. विषाणू शिरलेली पेशी मरण्याआधी इंटरफेरॉन नावाचा निरोप शेजारच्या पेशींना धाडते: दारं लावून घ्या, छपाई थांबवा. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी ते शोधलं. पुढं काविळीच्या रोग्यांना औषध म्हणून इंटरफेरॉनची इंजेक्शनं द्यायला लागले तर माणसं फ्लू झाल्यासारखी कण्हायला लागली. विषाणू न टोचता फ्लू!

दुसऱ्या फळीतल्या टी पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) तर आपल्याच बाधित पेशींना मारतात. प्रत्येक पेशी आत काय बनतंय त्याचे तुकडे बाहेरच्या अंगाला टांगून दाखवत असते. टी पेशी दारोदार फिरून ते तपासते. परका तुकडा दिसला की ती पेशी गेली. काका, तुमच्या भाषेत, परक्याचा पॅटर्न चालवणारी भट्टीच पाडायची. आणि बी पेशी अँटिबॉडी बनवतात, त्या रक्तातल्या मोकळ्या विषाणूंना चिकटून त्यांची पेशीत शिरायची वाट अडवतात. पण नव्या शत्रूसाठी ही तयारी व्हायला आठवडा-दहा दिवस जातात. तोवर इंटरफेरॉन आणि पहिली फळी किल्ला लढवते.

पावसाळा आहे, म्हणून तिसऱ्या दिवशी रक्त बघायला सांगितलंय ते चुकवू नका. डेंग्यूची एनएस१ तपासणी (विषाणूचंच प्रथिन शोधणारी) पहिल्या पाचेक दिवसांत करायची असते, अँटिबॉडीची त्यानंतर. लोक पहिल्याच दिवशी अँटिबॉडी तपासतात आणि 'निगेटिव्ह आलं' म्हणून पेढे वाटतात. आणि डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच जपायचं असतं. पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, नाका-हिरड्यांतून रक्त, पोरगी मलूल पडली, लघवी कमी झाली, यातलं काहीही दिसलं तर धागा बंद करून थेट दवाखाना गाठा. डेंग्यूची शंका असेपर्यंत ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन घरच्या घरी द्यायचं नाही.

पन्हाळ्याचा_वारा · मंगळवार, रात्री १०:२०

एवढं सगळं करण्यापेक्षा प्रतिकारशक्ती वाढवा. आमच्याकडं ११ वनस्पतींचा काढा मिळतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

गुरांचा_डॉक्टर · मंगळवार, रात्री १०:३१

कुठली प्रतिकारशक्ती वाढवणार? न्यूट्रोफिल का टी पेशी का अँटिबॉडी? दमा, संधिवातातले काही प्रकार, लहान मुलांचा मधुमेह, यात प्रतिकारशक्ती कमी पडत नाही, ती नको तिथं चालून जाते. हा काही दंड नव्हे, जोर काढून फुगवायला. जाहिरात काढून टाकावी ही संपादकांना विनंती.

तालमीतला · बुधवार, सकाळी ६:१५

डॉक्टर, आमच्यात निम्म्यांना गजकर्ण आहे. मेडिकलमधनं ट्यूब आणतात, चार दिवसांत लाली जाते, सोडलं की दुप्पट होतं. हा जिवाणू का विषाणू?

गुरांचा_डॉक्टर · बुधवार, सकाळी ९:४५

तिसराच गडी, बुरशी. अँटिबायोटिकचा तिला फरक पडत नाही.

त्या ट्यूबवर बारीक अक्षरात काय लिहिलंय वाच. बऱ्याच मलमांत बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉइड असतं. लाली आणि खाज ही बुरशीशी चाललेली तुझ्याच शरीराची मारामारी. स्टेरॉइड ती मारामारी थांबवतं. लाली गेली, तुला वाटलं बरं झालं, आणि बुरशी निवांत पसरली. आता भारतभर नेहमीच्या गोळ्यांनाही दाद न देणारं गजकर्ण झालंय, त्यात या मलमांचा हात आहे असं त्वचारोगवाले सांगतात. सगळ्या तालमीनं एकदम कातडीच्या डॉक्टरला दाखवा. एकट्यानं दाखवून उपयोग नाही, परत दुसऱ्याकडनं लागेल.

तांबडा_रस्सा · बुधवार, सकाळी १०:०५

आमचा आज्जा गंगावेशीत म्हशीच्या कासेखाली पेला धरून धारोष्ण दूध प्यायचा. कसलं बॅक्टेरिया न् काय. ८८ वर्षं जगला. आताची पोरं तुपात तळली तरी शिंकतात.

गुरांचा_डॉक्टर · बुधवार, सकाळी १०:४०

मी पण प्यायलोय, फेसासकट. त्याची चव कशालाच नाही, कबूल. पण जो आज्जा ८८ वर्षं जगला त्याचीच गोष्ट सांगायला नातू उरतो.

ब्रुसेलोसिस म्हणून रोग आहे. गाभण जनावर शेवटच्या महिन्यांत गाभ टाकतं, त्यातलं एक मोठं कारण. तो जिवाणू दुधातनं आणि व्यायल्यावर जनावराची वार (गर्भाचं वेष्टन) काढताना उघड्या हाताला लागून माणसात येतो. ताप येतो-जातो, सांधे धरतात, रात्री घामानं अंथरूण भिजतं, माणूस महिनोन् महिने मलेरिया-टायफॉइड तपासत बसतो. आणि या धाग्याच्या दृष्टीनं गंमत म्हणजे, हा गडी गिळणाऱ्या पेशीच्या पोटात मरत नाही. तिथंच घर करून राहतो. चोर पोलीस चौकीत लपल्यासारखा. म्हणून उपचारही सहा-सहा आठवडे, दोन-दोन औषधं मिळून. टीबीचा जिवाणूही असाच आत दडून बसतो.

उपाय सोपा. दूध उकळ. दुग्धशाळेत ७२ अंशाला १५ सेकंद तापवतात, आपण तर चांगलं उतू जाईस्तोवर तापवतो. आणि पाड्या (मादी वासरं) ४ ते ८ महिन्यांच्या असताना त्यांना लस टोचून घ्या. हे मी गोठ्यागोठ्यात ओरडून सांगतो.

तांबडा_रस्सा · बुधवार, सकाळी १०:४४

चौकीतला चोर भारी होता. उकळतो.

मोल्डिंगवाला · बुधवार, रात्री ९:३०

पोरीचं रक्त तपासलं. डेंग्यू नाही. पांढऱ्या पेशी ३,८००, प्लेटलेट १ लाख ९० हजार. डॉक्टर म्हणाले व्हायरलमध्ये पांढऱ्या पेशी कमी दिसतात, चालेल. पैलवानाच्या १५,२००. ताई, एकाच्या वाढल्या, एकीच्या कमी, आता काय समजायचं?

आईचं पालुपद चालूच आहे. आज म्हणाली, "औषध नसलेला रोग असतो होय कुठं?"

स्लाईडवाली · बुधवार, रात्री ९:५२

साधारण ४,००० ते ११,००० धरतात. गळू झालं की मगज न्यूट्रोफिलची फौज भराभर सोडतो, म्हणून पैलवानाच्या चढल्या. बऱ्याच विषाणूंच्या तापात त्या काही दिवस खाली येतात. नुसत्या आकड्यावर निदान होत नाही, पण तुमच्या घरातले दोन्ही आकडे पुस्तकातल्यासारखे आलेत.

शाळामास्तर · बुधवार, रात्री १०:१०

मोल्डिंगवाले, तुमच्या मातोश्रींचं वय काय? सत्तरीच्या पुढं असतील तर त्यांच्या दंडावर बघा. गोल, चपटे, कातडी चुरगळल्यासारखे वण असतील.

तो देवीच्या लशीचा वण. देवी हा विषाणूचा रोग. तेव्हा त्यावर ना गोळी, ना इंजेक्शन. रोग्यांतला दहातला तिसरा जायचा, वाचलेल्यांच्या तोंडावर खड्डे, कुणाचे डोळे गेलेले. १७९६ साली जेन्नर नावाच्या इंग्रज डॉक्टरनं गाईच्या देवीचा पू एका आठ वर्षांच्या पोराला टोचला होता, ती सुरुवात. तो सौम्य विषाणू बघून शरीरानं तालीम करून घेतली आणि खरी देवी आली तेव्हा गडी तयार होते. आपल्या देशात शेवटचा रोगी १९७५ साली सापडला आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं की जगातनं देवी गेली. विषाणूवर औषध नव्हतं, तरी हटवला. कशानं, ते मातोश्रींच्या दंडावर लिहिलंय.

प्लेगाचंही तसंच. आमची पणजी सांगायची, घरात उंदीर पडायला लागले की माणसं गाव सोडून माळावर खोपी टाकायची. प्लेग जिवाणूचा, आज त्यावर अँटिबायोटिक आहे, पण तेव्हा पेनिसिलिनसुद्धा जन्मलं नव्हतं. मुंबईत हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञानं लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली.

मुठा_काठी · बुधवार, रात्री १०:२५

मास्तर, भर घालतो. ही तालीम पेशी लक्षात ठेवतात. दुसऱ्यांदा तोच विषाणू आला की अँटिबॉडी दोन-तीन दिवसांत तयार. पण गोवर हा असा विषाणू आहे की तो या लक्षात ठेवणाऱ्या पेशींवरच डल्ला मारतो. गोवर होऊन गेलेलं पोर आधी शिकलेलं बरंच विसरतं आणि दुसऱ्याच आजारांनी पडत राहतं. गोवराची लस एकट्या गोवरापुरती नसते ती अशी.

मोल्डिंगवाला · शुक्रवार, रात्री ९:१५

उशीर झाला, दोन दिवस कंपनीत हीट (भट्टीत धातू वितळवायचे फेरे) लागोपाठ होत्या.

पोरीचा ताप काल सकाळी उतरला. चोवीस तास उलटून गेले, सारखी खायला मागतीय. पैलवानाचा कल्चर रिपोर्ट (पुवातले जंतू वाढवून केलेली तपासणी) आला. स्टॅफिलोकोकस ऑरियस. खाली औषधांची यादी, कुणापुढं एस, कुणापुढं आर. पेनिसिलिनपुढं आर आहे! ज्या औषधाची एवढी ख्याती ऐकली तेच चालत नाही?

स्लाईडवाली · शुक्रवार, रात्री ९:४०

एस म्हणजे त्या औषधाला तो दबतो, आर म्हणजे दाद देत नाही. हे कसं काढतात बघा. तुमच्या पैलवानाचे जिवाणू एका ताटलीत गालिच्यासारखे पसरायचे, त्यावर औषध भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या आणि रात्रभर ३५ अंशाला. सकाळी ज्या टिकलीभोवती स्वच्छ गोल दिसतो, तिथं जिवाणू वाढले नाहीत. मोजपट्टी घेऊन तो गोल मिलिमीटरमध्ये मोजायचा. पेनिसिलिनची टिकली असते तिथं गालिचा बहुतेक वेळा टिकलीच्या पार जवळ आलेला दिसतो. स्टॅफ पेनिसिलिन मोडणारं रसायन सोडतो, आता त्याच्या बहुतेक सगळ्या वंशावळीनं ते शिकून घेतलंय.

काही जिवाणू २० मिनिटांत दुप्पट होतात. रात्री दहाला एक, आडकाठी झाली नाही तर सकाळी सहाला १ कोटी ६७ लाख. एवढ्यांत एखादा औषधाला न बधणारा निघतोच. नको तेव्हा अँटिबायोटिक घेतलं की बाकीचे मरतात आणि त्या एकट्याला सगळं रान मोकळं. वर ते ही विद्या शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देऊन टाकतात, जनुकांची छोटी कडी हातोहात. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनं १९४५ सालीच, नोबेल घेताना, कमी मात्रेत पेनिसिलिन वापराल तर हे होईल असं बजावलं होतं. तुमची ती पट्टी पोरीच्या विषाणूला काहीच करणार नव्हती. पोटातल्या तिच्या चांगल्या जिवाणूंना मात्र झोडपून काढलं असतं.

पट्टीच्या मागं उभी लाल रेघ आहे का बघा. असली तर ती चिठ्ठीशिवाय द्यायची नसते.

मोल्डिंगवाला · शुक्रवार, रात्री १०:०५

आहे रेघ. मला वाटायचं डिझाइन आहे.

मास्तर, आईच्या डाव्या दंडावर दोन वण आहेत, सांगितलेत तस्सेच. तिला विचारलं तर म्हणाली, "शाळेच्या पटांगणात बसवून टोचलं होतं, म्या पळून चालले होते, बाबांनी धरून आणलं." मग बराच वेळ पोरीला तो वण दाखवत बसली होती. पोरीनं त्यावर बोट फिरवून विचारलं, आजी दुखतंय का अजून?

पैलवान सोमवारी हौद्यात उतरतो म्हणतोय. खपली धरलीय, पण एका कडेला ओलं आहे.

तालमीतला · शुक्रवार, रात्री १०:१२

ओलं आहे तोवर नाही. वस्तादांना मी सांगतो. आणि त्याचा टॉवेल वेगळा आणायला सांगा, आम्ही पण दोऱ्या वेगळ्या बांधल्यात.

तांबडा_रस्सा · शुक्रवार, रात्री १०:१५

पट्टीचं काय केलं शेवटी?

मोल्डिंगवाला · शुक्रवार, रात्री १०:२१

टेबलावर नाही. आत्ता शोधली तर आईच्या पानाच्या डब्यात सापडली, कातखाली दडवलेली. विचारलं तर म्हणते, "पैसं मोजल्यात तिचं. पुढच्या वेळी लागंल." ती आईच्या डब्यातनं कशी काढायची, ते आता तुम्हीच सांगा.